अडलं कुठं, ते आधी पहा

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. चांद्रयान-३ चं विक्रम हे यान त्या दिवशी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रावर उतरलं. मी त्या दिवशी माण तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. ऑगस्ट सरत आला तरी पावसानं दडी मारलेली. पण तेवढ्या संध्याकाळपुरतं गाव ते दुःख विसरून प्राथमिक शाळेत जमलं होतं. शाळेला छत्री नाही, केबल नाही. गुरुजींनी आपल्या मोबाइलवरून टीव्हीला इंटरनेट दिलं होतं आणि यूट्यूबवर इस्रोचं थेट प्रक्षेपण लावलं होतं. पुढं पोरं, मागं थोरली माणसं, दारात बायका, असा वर्ग गच्च भरला होता.

पावणेसहापर्यंत सारं सुरळीत चाललं. मग एकाएकी चित्र थांबलं आणि पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरू लागलं. झालं! ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. कुणी म्हणे, टीव्ही बंद करून चालू करा. कुणी म्हणे, फोन खिडकीत ठेवा. कुणी वायरी हलवून पाहिल्या. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. मला वाटलं, आपणही काही करावं. मी माझा फोन काढला आणि गुरुजींच्या नंबरावर महिन्याचा रिचार्ज मारला. तरी चक्र फिरतच राहिलं. इतक्यात शेजारच्या वस्तीवर फटाके वाजले. चौथीतली एक मुलगी गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, उतरलं का हो?" गुरुजींना उत्तर देता येईना. आम्ही चंद्रावरचं उतरणं फटाक्यांच्या आवाजावरून ओळखलं.

रात्री ओट्यावर बसून आम्ही शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. टीव्ही ठीक होता. रेंज ठीक होती. गुरुजींच्या फोनला दिवसाला दीड जीबी डेटा होता, आणि दुपारी तालीम म्हणून त्यांनी पाऊण तास व्हिडिओ लावून पाहिले होते, तेही अगदी उंची प्रतीचे. त्यातच दिवसाचा बहुतेक साठा सरला. तसा संदेश फोनवर आलाही होता. गर्दीत तो कुणी वाचला नाही. मी मारलेला रिचार्ज जुना पॅक संपल्यावर सुरू होणार होता, त्यामुळं त्या संध्याकाळी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट सांगू का? ज्या फोनवरून मी रिचार्ज मारला, त्याच फोनवर इंटरनेट धडधडीत चालू होतं! तो फोन टीव्हीला जोडला असता, तर पोरांनी ते उतरणं डोळ्यांनी पाहिलं असतं. उपाय माझ्या खिशात होता. पण अडलं कुठं, हेच आम्ही विचारलं नव्हतं.

म्हणून आज हा विषय घेतला आहे. व्हिडिओ अडला म्हणजे काय करावं, यापेक्षा तो कुठं अडला हे कसं ओळखावं, ते मला सांगायचं आहे. हे एकदा समजलं म्हणजे निम्मं काम झालं.

आधी व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो कसा ते पाहू. जुन्या विहिरींवर मोट चालत असे. आता मोटा गेल्या, पण कुठंकुठं त्यांची दगडी थारोळी अजून दिसतात. मोट वर येई, थारोळ्यात रिकामी होई आणि पुन्हा खाली जाई. मोट विहिरीत असताना पाट कोरडा पडत नसे. कारण थारोळ्यात साठलेलं पाणी वाहतच असे. व्हिडिओचंही अगदी असंच आहे. तो नळाच्या धारेसारखा सलग येत नाही. पाठवणारी कंपनी त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडून ठेवते. आपला फोन किंवा टीव्ही एकेक तुकडा मागवतो आणि आपल्या थारोळ्यात साठवतो. आपण पाहतो ते त्या साठ्यातलं. तुकडे वेळेवर आले तर आपल्याला मोटेच्या खेपा जाणवतच नाहीत. खेपेला उशीर झाला आणि थारोळं कोरडं पडलं, की चित्र थांबतं आणि चक्र फिरू लागतं. तेव्हा चक्र फिरतंय याचा अर्थ 'यंत्र मोडलं' असा नव्हे. येणारं पाणी जाणाऱ्या पाण्याहून कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ.

यात आणखी एक सोय आहे. प्रत्येक तुकडा जाड, मध्यम, बारीक अशा अनेक प्रतींत तयार असतो. यूट्यूबवर १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८० असे आकडे दिसतात ना, ते या प्रतींचे. चित्र किती आडव्या ओळींनी विणलेलं आहे, ते हा आकडा सांगतो. ओळी जास्त तर चित्र सुबक, पण तुकडा जड. वेग कमी झाला तर यंत्र आपण होऊन हलका तुकडा मागवतं, आणि म्हणूनच मध्येच चित्र अंधूक होतं. तो दोष नव्हे, शहाणपण आहे. पाणी कमी आलं म्हणून सारा मळा वाळू न देता थोडं थोडं फिरवणाऱ्या माळ्यासारखं ते आहे.

आता थेट प्रक्षेपणाचं पहा. जे अजून घडलंच नाही ते आधी साठवणार कसं? तिथं थारोळं लहानच ठेवावं लागतं, म्हणून थेट प्रक्षेपण लवकर अडतं. शिवाय तुकडे पाडून पाठवण्यात वेळ जातो, त्यामुळं इंटरनेटवरचं 'थेट' चित्र बहुधा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागं असतं. शेजारच्या वस्तीवर घराघरांत छत्रीवर दूरदर्शन लागलेलं होतं. आमचं चित्र चालू असतं, तरी त्यांचे फटाके बहुधा आमच्या आधीच वाजले असते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. पाणी धरणातून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून पाटात आणि शेवटी वाफ्यात येतं. वाफा कोरडा दिसला की जाणता शेतकरी लगेच नवी विहीर खणायला निघत नाही. तो पाटाच्या कडेनं वर चालत जातो आणि पाणी कुठं तुंबलंय ते पाहतो. व्हिडिओच्या वाटेवरही अशा चार जागा आहेत. पहिली, व्हिडिओ पाठवणाऱ्या कंपनीची यंत्रं. हे आपलं धरण. दुसरी, मोबाइल कंपनीचा टॉवर किंवा इंटरनेटची तार, हा कालवा. तिसरी, घरातलं किंवा शाळेतलं वायफाय, ही चारी. चौथी, आपला फोन, टीव्ही आणि त्यातलं ॲप, हा वाफा.

कुठं अडलं हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात, आणि ते याच क्रमानं विचारावेत.

पहिला प्रश्न: दुसरा व्हिडिओ लागतो का? लागत असेल तर दोष त्या एका व्हिडिओचा. तो काढून टाकलेला असेल, किंवा पाठवणाऱ्याकडंच अडला असेल. आपण घाम गाळायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न: इंटरनेट तेच ठेवून यंत्र बदललं तर? टीव्हीवर अडलेला व्हिडिओ त्याच वायफायवर दुसऱ्या फोनमध्ये लावून पहा. फोनमध्ये सुरळीत चालला तर दोष टीव्हीत. तिथंही अडला तर टीव्हीला हात लावू नका.

तिसरा प्रश्न: यंत्र तेच ठेवून इंटरनेट बदललं तर? शेजाऱ्याच्या फोनवरून, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, त्याच टीव्हीला इंटरनेट द्या. आता चालला तर दोष आपल्या इंटरनेटचा. आम्ही त्या संध्याकाळी एवढंच करायला हवं होतं. यंत्र आणि इंटरनेट दोन्ही बदलूनही एकच ॲप अडत असेल, तर दोष धरणाचा समजावा.

यात एक पथ्य मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि व्हिडिओ चालू झाला, तर कशानं झाला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच गोंधळ. शिक्षक मंडळींना हे वेगळं सांगायला नको. विज्ञानाच्या प्रयोगात मुलांना आपण हेच शिकवतो.

दोषाची जागा कळली, आता उपाय पाहू. आपल्याकडं बहुतेक वेळा अडतं ते दुसऱ्या जागी, म्हणजे मोबाइलच्या इंटरनेटवर. म्हणून तिथं जरा थांबू.

सर्वांत आधी दिवसाचा डेटा शिल्लक आहे का, ते पहा. आपल्या मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये ते दिसतं. हिशेब समजावा म्हणून नेटफ्लिक्स ही कंपनी आपल्या ग्राहकांना जे आकडे सांगते ते देतो. हलक्या प्रतीला तासाला ०.३ जीबी, मध्यम प्रतीला ०.७ जीबी आणि उंची प्रतीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. इतर ठिकाणीही थोड्याफार फरकानं असंच असतं. आता दीड जीबीला भागा. हलक्या प्रतीत पाच तास, मध्यम प्रतीत दोन तासांहून थोडं अधिक, आणि उंची प्रतीत अवघा अर्धा तास! गुरुजींचा साठा दुपारीच का सरला ते यावरून ध्यानात येईल.

साठा सरला तरी इंटरनेट पुरतं बंद होत नाही, आणि गोंधळ होतो तो इथंच. पुष्कळशा पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. अक्षरी संदेश जातात-येतात, म्हणून माणसाला वाटतं, नेट तर चालू आहे! पण या वेगानं हलक्या प्रतीचा एका तासाचा व्हिडिओ गोळा करायला दहा तासांहून जास्त वेळ लागेल. अशा वेळी महिन्याचा नवा पॅक मारू नका. तो बहुधा जुना पॅक संपण्याची वाट पाहत रांगेत बसतो. त्याच दिवसापुरता जादा डेटा देणारे छोटे पॅक असतात, ते घ्यावेत. नाहीतर मध्यरात्री नवा दिवस सुरू होईपर्यंत थांबावं.

डेटा आहे आणि तरी अडतंय? मग रेंज पहा. इथं एक गैरसमज असतो. "अहो, दांड्या पुऱ्या आहेत, मग नेट का नाही?" पाट तुमच्या बांधापर्यंत आलेला आहे, एवढंच दांड्या सांगतात. पाटातून किती जण पाणी घेत आहेत, ते त्या सांगत नाहीत. एका टॉवरचं इंटरनेट भोवतालच्या सगळ्यांत वाटलं जातं. संध्याकाळी सारं गाव फोन घेऊन बसलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. पहाटे तोच फोन, तोच टॉवर, पण व्हिडिओ पळत सुटतो. फोन दहा सेकंद विमान-मोडवर ठेवून पुन्हा चालू करावा. तो टॉवरशी नव्यानं जोडला जातो आणि कधीकधी एवढ्यानंच भागतं. नाहीच भागलं तर प्रत उतरवा. व्हिडिओवर बोट टेकलं की दातेरी चाकाचं चिन्ह दिसतं, तिथं प्रत निवडता येते. फळ्यावरची गणितं वाचायची असतील तर ४८० लागेल. गोष्ट किंवा कविता असेल तर २४० पुष्कळ झालं.

आकड्यांच्या बाबतीत एक खाचखळगा सांगून ठेवतो. डेटा मोजतात बाइटमध्ये आणि वेग मोजतात बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शेर आणि पायली एक समजून व्यवहार केला तर नुकसान होणारच. वेग मोजणाऱ्या ॲपनं ८ एमबीपीएस दाखवले, तर सेकंदाला एक एमबी डेटा येतो असं समजा. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणं ७२० च्या प्रतीला ३ एमबीपीएस आणि १०८० च्या प्रतीला ५ एमबीपीएस वेग असावा. म्हणजे शाळेतल्या धड्यासाठी फार मोठा वेग लागत नाही. हवा तो टिकणारा वेग.

तिसरी जागा वायफायची. राउटर लोखंडी कपाटामागं किंवा कोपऱ्यात जमिनीवर ठेवू नये. उंचावर, शक्यतो मधल्या खोलीत ठेवावा. दगडी भिंतींतून त्याची लहर क्षीण होत जाते. वायफायची दोन नावं दिसत असतील आणि एकापुढं ५जी असं लिहिलेलं असेल, तर ते वेगवान खरं, पण भिंत ओलांडताना लवकर थकतं. लांबच्या खोलीत दुसरं नाव धरावं. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करणं हा साधा उपाय आहे, पण गुणकारी आहे. आणि त्याच वायफायवर आणखी कोण काय पाहतंय, हेही विचारावं. एका पाटावर चार जणांनी दारं धरली तर चौघांचंही भिजणं अर्धवट राहतं.

चौथी जागा यंत्राची. फोनमधली जागा भरली असेल तर ॲप अडखळतं. नको ते फोटो आणि व्हिडिओ काढून टाका. ॲप जुनं असेल तर नवं करून घ्या. फोन उन्हात तापला असेल तर तो आपण होऊन कामाचा वेग कमी करतो. त्याला सावलीत ठेवा. आणि एक विचित्र वाटणारी गोष्ट: तारीख आणि वेळ तपासा. वीज गेल्यावर काही टीव्हींची घड्याळं मागं पडतात. इंटरनेटवर समोरची कंपनी खरी आहे याचा दाखला यंत्र दरवेळी तपासतं, आणि त्या दाखल्याला मुदत असते. टीव्हीच्या घड्याळात जुनंच साल असेल तर चांगला दाखलाही त्याला अवैध वाटतो आणि तो दारच उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की काम फत्ते! फार जुन्या टीव्हीवर मात्र काही ॲप चालेनाशी होतात; तिथं इलाज नाही.

राहिली पहिली जागा, म्हणजे धरण. तिथं क्वचित बिघडतं, पण बिघडतं खरं. १४ डिसेंबर २०२० रोजी संध्याकाळी गुगलची बरीच कामं जगभर सुमारे पाऊण तास ठप्प झाली, त्यात यूट्यूबही होतं. ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला होता. त्या वेळी किती जणांनी आपले फोन निष्कारण बंद-चालू केले असतील! धरणाचं दार अडलं तर शेतकऱ्यानं वाफा खणून काय होणार? स्वस्थ बसावं.

आता जरा गंभीर होऊन एक गोष्ट सांगतो. व्हिडिओ अडला तर फार तर करमणूक बुडते. पण घाईनं मदत मागायला गेलं तर घर बुडतं. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं पैसे भरलेलं एक ॲप बंद पडलं. त्यांनी इंटरनेटवर 'ग्राहक सेवा' असा शोध घेतला आणि समोर आलेल्या पहिल्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. एक ॲप घ्यायला लावलं, त्यातून फोनचा पडदा त्याला दिसू लागला, आणि कांद्याच्या पट्टीचे आलेले पैसे दहा मिनिटांत गेले. तो नंबर कंपनीचा नव्हताच. ठकानं तिथं पेरून ठेवलेला होता.

तेव्हा एवढं पक्कं लक्षात ठेवा. मदतीचा नंबर फक्त त्या सेवेच्या ॲपमधूनच घ्यावा. ओटीपी, पिन कुणालाही सांगू नये. पैसे परत मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतंही ॲप घेऊ नये. आणि फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. लागलीच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. जितका फोन लवकर, तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त. दोष मोबाइल कंपनीच्या इंटरनेटचा असेल तर १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

हा सारा शोध घ्यायला पाच-सात मिनिटं लागतात. पण वर्गात पन्नास पोरं वाट पाहत असताना पाच मिनिटंही फार होतात. म्हणून शिक्षकांना शेवटची विनंती: धडा दाखवायचा असेल तर तो आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा. यूट्यूबच्या ॲपमध्ये पुष्कळ व्हिडिओंना तशी सोय आहे. मात्र मधूनमधून फोनला इंटरनेट दाखवावं लागतं. आदल्या दिवशी तालीम करा, पण हलक्या प्रतीवर करा! आणि थेट प्रक्षेपण असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन शेजारी तयार ठेवा.

आमच्या गुरुजींनी हे सारं मनावर घेतलं. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ सप्टेंबरला, आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघणार होतं. वेळ अकरा वाजून पन्नास मिनिटांची. शनिवारची सकाळची शाळा, पण पोरं घरी गेली नाहीत. गुरुजींनी प्रत ४८० वर उतरवून ठेवली होती आणि दोन फोन टेबलावर मांडले होते. मला नंतर त्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, साडेअकराला पुन्हा चक्र फिरायला लागलं. पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी टीव्हीला हात लावला नाही. सरळ दुसरा फोन जोडला. अर्ध्या मिनिटात चित्र आलं."

"आणि ती चौथीतली मुलगी?" मी विचारलं.

"ती सगळ्यांत पुढं बसली होती," गुरुजी म्हणाले. "या वेळी तिनं मला काही विचारलं नाही. तीच ओरडली, 'गुरुजी, उडालं!'"